ब्लिन, ब्लिनी आणि आंबोळी

रशियातील मास्लेनित्सा या वसंतोत्सवाविषयीच्या मराठी लेखनात ‘ब्लिनी’ हा शब्द कुठे एकवचनी, तर कुठे अनेकवचनी आढळतो; त्यातले योग्य रूप कोणते आणि त्याऐवजी सरळ ‘धिरडे’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

रशियनमध्ये मूळ शब्द ‘ब्लिन’ असून तो पुल्लिंगी आहे. त्याचे अनेकवचन इंग्रजीमार्गे ‘ब्लिनी’ होऊन आपल्याकडे आले. पण ईकारान्त रूप मराठी कानाला पुरी-पोळीसारखे स्त्रीलिंगी एकवचन वाटते आणि त्यातून ‘ब्लिन्या’ असे अनेकवचनाचे पुन्हा अनेकवचन होते. म्हणून ‘तो मोदक, ते मोदक’ याप्रमाणे ‘तो ब्लिन, ते ब्लिन’ असे लिहिणे मला योग्य वाटते. या शब्दाचे जुने रूप ‘म्लिन’ असे होते आणि त्याचे नाते दळण्याच्या क्रियेशी आहे.

‘धिरडे’ हा पर्याय मात्र पटत नाही. धिरड्याचे पीठ बहुधा कालवले की लगेच तव्यावर जाते. पारंपरिक ब्लिनसाठी कुट्टूचे पीठ (आपल्याकडे उत्तरेत उपवासाला चालते तेच) दूध, अंडी व यीस्ट घालून फुगेपर्यंत ठेवतात आणि मग तापलेल्या बिडाच्या तव्यावर पसरतात, तेव्हा त्याला जाळी पडते. ही रीत कोकणातल्या आंबोळीच्या जवळची आहे. बिनयीस्टचे पातळ ‘ब्लिनचिकी’ घावनाशी अधिक जुळतात.

‘मास्लेनित्सा’ या नावातील ‘मास्लो’ म्हणजे लोणी किंवा तेल. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या आधीच्या या आठवड्यात मांस वर्ज्य, पण दूधदुभते, अंडी व मासे चालतात. त्यामुळे ब्लिनवर लोणी आणि ‘स्मेताना’ ही घट्ट आंबट साय सढळ हाताने घेतात. रविवारी पेंढ्याचा पुतळा जाळून हिवाळ्याला निरोप देण्याची प्रथा ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या स्लाव विधींची खूण मानली जाते. वाटोळा, सोनेरी ब्लिन हे सूर्याचे प्रतीक, असेही सर्रास सांगतात. मात्र ब्लिन मृतांच्या स्मरणभोजनातही असतो आणि मास्लेनित्साचा पहिला ब्लिन मृतांच्या नावाने गरिबाला देण्याची रीत होती, हे पाहता केवळ सूर्याचा अर्थ मला अपुरा वाटतो.

याच आठवड्यात, बुधवारी, जावयाने सासूकडे ब्लिन खायला जायचे असते. रशियन वाक्प्रचारात तिथे अनेकवचन आहे. मराठीत ‘सासूकडे ब्लिन खायला’ एवढे लिहिले तरी ते पोहोचते.