गेम म्हणतो, तुमची मुलगी अशी आहे

"गेमला तिच्या मनातलं खरंच कळतं का हो?" हा प्रश्न मला हल्ली पालक वरचेवर विचारतात. काही गेम मुलांना मध्येमध्ये खासगी प्रश्न विचारतात, त्यांनी काय निवडलं याची नोंद ठेवतात आणि शेवटी 'तू कसा आहेस' ते पडद्यावर लिहून दाखवतात. तेरा वर्षांच्या एका मुलीला तिची आई याच काळजीने घेऊन आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिच्या गेममध्ये डोंगरातला लांबचा प्रवास असतो. एक छोटा सोबती सतत मागे मागे चालतो. वाटेत पूल लागतो, तिथे त्याचा पाय घसरतो. हात द्यायचा की पुढे निघायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. ही मुलगी दर वेळी पुढे निघून जायची. मग गेमने लिहिलं, 'तुझ्या आत राग साठलाय. तू माणसांना सोडून देतेस.' आईने हे वाचलं आणि तिची झोपच उडाली. मुलगी निर्दयी निघाली की काय, ही आईची भीती. मुलीची भीती वेगळी होती. आई बाहेर गेल्यावर तिने मला विचारलं, "त्याला कसं कळलं?"

या प्रश्नाला मी फार महत्त्व देते. मूल 'कसं कळलं' म्हणतं, तेव्हा त्या वाक्याने आतलं काहीतरी हललेलं असतं. ते काय आहे, हे गेमला ठाऊक नसतं. त्याच्याजवळ फक्त नोंद असते: अमुक ठिकाणी अमुक बटण दाबलं. कशासाठी दाबलं, ते खेळणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तिला ते अजून कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "पूल ओलांडल्यावर पुढे काय असतं?" तिचा चेहरा एकदम खुलला. पुढे मोठं पठार आहे, वाटेल तिकडे जाता येतं, कुणाला सांभाळावं लागत नाही. "तो बरोबर असला की सारखं थांबायला लागतं, मॅडम." हळूहळू कळलं की शाळेतून आल्यापासून आईबाबा घरी येईपर्यंत धाकटा भाऊ तिच्याकडे असतो. त्याचं खाणं, त्याचा अभ्यास, त्याची भांडणं सगळं तिच्यावर. एकदा वैतागून 'हा नसता तर बरं झालं असतं' असं तिच्या मनात आलं होतं. ते ती कुणालाच बोलली नव्हती. 'तू माणसांना सोडून देतेस' हे वाक्य नेमकं तिथे जाऊन लागलं. असा विचार थकलेल्या कुणाच्याही मनात येतो आणि त्याने ती वाईट ठरत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती बराच वेळ रडली.

तरी गेमचा धाक उरलाच होता. म्हणून मी तिच्या बाबांना तोच प्रवास खेळायला सांगितला. त्यांनी प्रत्येक वेळी सोबत्याला हात दिला. त्यांना उत्तर मिळालं: 'तू माणसांना घट्ट धरून ठेवतोस, कारण सोडलं जाण्याची भीती तुझ्या आत आहे.' बाबा म्हणाले, "हे बरोबरच आहे की!" मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

मग मी दोघांना बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाचा १९४८ मधला प्रयोग सांगितला. त्याने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास वर्णन' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. कागदावरचा मजकूर सगळ्यांना एकच होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. आपण मोघम वाक्यात आपलं आयुष्य भरतो आणि श्रेय लिहिणाऱ्याला देतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे आणखी सहज घडतं, कारण 'मी कोण' हा प्रश्न तेव्हा रोजचा असतो.

गेम आणि मन यांचा संबंधच नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांच्या नैराश्यासाठी 'स्पार्क्स' नावाचा गेम बनवला. त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो गेम मुलांना त्रासदायक विचार ओळखायला आणि हाताळायला शिकवतो. करमणुकीच्या गेमने शेवटी दिलेल्या शेऱ्यामागे अशी कुठलीही तपासणी असल्याचं गृहीत धरू नका.

असा शेरा दिसला तर गेम लगेच काढून घेऊ नका; मूल पुढच्या वेळी लपवून खेळेल. शेजारी बसा, "इथे तुला काय करायला आवडतं?" असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. गेमच्या खासगी प्रश्नांना खरं नाव, घरातल्या गोष्टी लिहायच्या नाहीत, हेही सांगा. ती उत्तरं कुठे साठवली जातात हे मुलाला दिसत नसतं.

काळजी करायची ती रोजच्या वागण्यातल्या बदलांची. झोप, जेवण, अभ्यास, मैत्री यांत बदल होऊन तो टिकून राहिला, तर दाखवायला या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं या गोष्टी पाहतात, त्याही सहसा किमान १२ महिने. आणि मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर त्याच दिवशी मदत घ्या. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

या घरात आता भावाला काही संध्याकाळी बाबा सांभाळतात, त्यासाठी ते लवकर येतात. मुलगी गेम अजून खेळते. आईला मात्र प्रत्येक निकाल वाचायचा मोह आवरत नाही. आधी मुलीला विचारायचं आणि ती 'नको' म्हणाली तर वाचायचा नाही, एवढं आम्ही तिघींनी मिळून ठरवलं आहे.