इमेज मोठ्या डिस्कची, एसएसडी छोटी, रिस्टोर होईना

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसच्या पीसीत १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, सी ड्राइव्हला विंडोज ११ आणि टॅली, डी ड्राइव्हला सगळी ड्रॉइंग्ज. डिस्क चालते अजून पण फार स्लो झालीये, म्हणून विंडोजसाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि डेटासाठी २ टीबीच्या दोन डिस्क आणल्या, दोन्हीत सारखाच डेटा राहावा असं डोक्यात आहे. विंडोजच्याच टूलने एक्सटर्नल डिस्कवर सिस्टिम इमेज (म्हणजे विंडोजसकट ड्राइव्हची पूर्ण कॉपी) काढली, आता ती एसएसडीवर रिस्टोर होतच नाहीये. सी मध्ये तर जेमतेम १४० जीबी भरलंय, मग अडतंय कुठे? फॉरमॅट मारला तर सगळी लायसन्स परत शोधत बसावं लागेल.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचं किती भरलंय ते विंडोजचं हे टूल बघतच नाही हो, ते बघतं मूळ डिस्क केवढी होती ते. इमेज १ टीबीच्या डिस्कची, म्हणजे त्याला समोर निदान तेवढीच डिस्क पाहिजे, मग आत १४० असो नाहीतर १४. हे टूल विंडोज ७ च्या काळातलं, कंट्रोल पॅनेलमध्ये अजून त्याच नावाने बसलंय, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पण तुमची जुनी डिस्क चालतीये ना? मग इमेज ठेवा बाजूला आणि सरळ क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं थेट नव्यावर उतरवा. बऱ्याच एसएसडी कंपन्या आपल्या ड्राइव्हसोबत क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, त्यांच्या साइटवर बघा. त्यात फक्त सी आणि विंडोजची ती छोटी छोटी पार्टिशन्स निवडायची, डी नाही, सी चा आकार कमी करून ते एसएसडीवर बसवतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करून ठेवणारं फीचर) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, त्याच पीसीत सेव्ह करून काय उपयोग. आणि क्लोन चालू असताना पीसी यूपीएसवर पाहिजे, अंबडच्या लाइटचं मी तुम्हाला काय सांगणार.

क्लोन झाला की पीसी बंद करा, जुनी डिस्क काढा आणि मगच एसएसडीवरून चालू करा. दोन्ही लावून ठेवल्या तर पीसी गुपचूप जुन्यावरूनच बूट होतो, किंवा दोघींची ओळख एकच म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, आणि माणूस म्हणतो एसएसडी घेऊनही स्पीड काही वाढला नाही.

आता त्या दोन डिस्क. इथेच लोक जास्त फसतात. कोणीतरी सांगतं बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची पीसीची सेटिंग्ज) जाऊन रेड मोड (अनेक डिस्क एकत्र चालवायची सोय) चालू कर, आपण करतो, आणि कालपर्यंत चालणारं विंडोज निळा स्क्रीन दाखवतं, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. कारण त्याला बूट होताना लागणारा ड्रायव्हर बदललेला असतो. असं झालंच तर मोड आधी होता तसा करा, येईल परत. तुमच्या कामाला बायोसला हातच लावायची गरज नाही, विंडोजमधलं स्टोरेज स्पेसेस उघडा, दोन्ही डिस्क निवडा, टू-वे मिरर करा, म्हणजे एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. त्या दोन्ही डिस्क यात कोऱ्या होतात, म्हणून हे रिकाम्या असतानाच उरका. जागा एका डिस्कएवढीच मिळेल, म्हणजे विंडोजमध्ये साधारण १.८ टीबी दिसेल, विंडोजची टीबी मोजायची पद्धत वेगळी असते एवढंच, त्यात कंपनीने फसवलं वगैरे काही नाही. मग जुनी डिस्क परत जोडून ड्रॉइंग्ज मिररवर कॉपी करा आणि ती काढल्यावर मिररला डी हेच अक्षर द्या, नाहीतर टॅलीचा डेटाही डी वर असेल तर कंपनीच दिसणार नाही आणि उगाच घाबराल.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे बरं का! एका डिस्कने मान टाकली तर दुसरी सांभाळेल, पण चुकून डिलीट केलेलं ड्रॉइंग दोन्हीकडून त्याच क्षणी जातं, व्हायरसने लॉक केलं तरी तेच. एक्सटर्नलवर अधूनमधून कॉपी पाहिजेच.

आणि ती काढलेली इमेज वाया नाही गेली. त्यात व्हीएचडीएक्स नावाच्या मोठ्या फाइली असतात, डिस्क मॅनेजमेंटमधून अटॅच व्हीएचडी करा, रीड-ओन्लीची टिक लावा, इमेजमध्ये घेतलेला ड्राइव्ह जसाच्या तसा उघडतो, पाहिजे ती फाइल उचला. जुनी डिस्क मात्र लगेच पुसू नका, एका महिन्याचं जीएसटी रिटर्न नव्या सेटअपवरून भरून होऊ द्या.