पहिलंच स्वतःचं घर आणि त्यात एकटीच. रुळायला काय करावं?

फर्निचरचं आधी सांगते, कारण बाकीचं सगळं थांबेल, एकदा ॲडव्हान्स घेतलेला सुतार थांबणार नाही. आत्ता काही करू नका. एक पावसाळा त्या घरात काढा, मग ठरवा.

तुम्ही लिहिलंय ते असं: निपाणीच्या भरल्या घरातून नोकरीसाठी बेळगावला आलात, वडगावात येळ्ळूर रोडच्या बाजूला एक जुनं घर विकत घेतलंत, घरभरणी झाली, पाहुणे गेले आणि आता रात्री काही वाजलं की उठून बसता. त्यात वॉर्डरोब आणि किचनच्या ट्रॉल्यांसाठी आणखी कर्ज काढावं का आणि माडीवरची खोली भाड्यानं द्यावी का, हे दोन प्रश्न आहेतच. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं काम करते, अनगोळला स्वतःच्या घरात एकटी राहते. वाढले शहापुरात, चुलते-चुलत्या, आजी, भावंडं अशा गोतावळ्यात. त्यामुळं तुमची रात्र कशी जात असेल याची मला चांगली कल्पना आहे.

'होईल हळूहळू सवय' असं सगळेच सांगतात. होते, खरं नुसतं बसून राहिल्यानं होत नाही.

भरल्या घरात प्रत्येक आवाजाला एक धनी असतो. भांडं वाजलं की काकू उठली, कडी वाजली की तात्या बाहेर गेले, नळ सुटला की कुणीतरी पाणी भरायलंय. आपण झोपेतच ते ओळखतो आणि कुशीवर वळतो. नव्या घरात तेच आवाज येतात, त्यांचा धनी कोण हे माहीत नसतं. म्हणून एखाद्या रविवारी दिवसाउजेडी ते शोधायला बसा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार होताना आकसतो आणि तडतडतो. टाकीतला बॉल पाणी भरत आलं की थरथरतो, त्याची घरघर पाइपातून थेट न्हाणीत ऐकू येते. वर जाऊन हातानं तो दाबून बघा. बऱ्याच दिवसांनी पाणी सुटलं की पाइपातली हवा आधी बाहेर पडते, नळ खोकल्यासारखा वाजतो. फ्रिज बंद होताना खडखडतो. छतावर पळापळ झाली तर ते मांजर किंवा उंदीर. हे एकदा दिवसा ऐकून ठेवलं की रात्री बरेचसे आवाज ओळखीचे निघतात. उरलेल्या एखाद्यासाठी उठून बघावं लागतं, ते मी अजूनही करते.

पाण्याचं आणि विजेचंही असंच. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांमधनं येतं. चोवीस तास पाण्याची योजना काही भागांत 2008 पासून आहे, बाकीच्यांना दिवस मोजत बसावं लागतं, म्हणून घरोघरी खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आणि वर गच्चीवरची टाकी. तुमचा संप कुठं आहे, त्याचं झाकण एकटीला उचलतं का, मीटरजवळचा मेन व्हॉल्व फिरतो का गंजून बसलाय, हे आधी बघा. जुन्या घरात तो हमखास बसलेला असतो आणि पाइप फुटल्या दिवशीच कळतं. पंप चालू आहे, आवाजही येतोय, खरं टाकीत पाणी चढत नाही असं झालं तर तो लगेच बंद करा. बहुतेक वेळा फुटव्हॉल्वमधनं, म्हणजे संपात बुडालेल्या पाइपाच्या तोंडच्या व्हॉल्वमधनं, पाणी उतरून गेलेलं असतं, वरून पाणी ओतून पंप भरून घेतला की चालतो. तसाच कोरडा पळवलात तर सील जातं आणि खर्चात पडता.

विजेच्या बोर्डात नुसत्या एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारे खटके, असतील आणि शॉक लागल्यावर तोडणारं आरसीसीबी नसेल, तर फर्निचरच्या पैशातनं पहिलं ते बसवून घ्या, तीस मिलिअँपिअरचं. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्याला एकदा दाबून ते पडतं का बघायचं. पावसात ते सारखं पडायला लागलं तर घाबरू नका. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल त्या लाइनीत पाणी शिरलंय. बहुतेक वेळा गेटवरचा दिवा किंवा पंप. ती एक लाइन बंद ठेवून बाकीच्या घरात उजेड करता येतो आणि वायरमनला सकाळी सावकाश बोलावता येतं. गल्लीतलीच लाइट गेली असेल तर हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, 1912 लावा. तिकडून कन्नडमध्ये बोलतील, 'करंट होगैत्री' एवढं म्हटलं तरी काम होतं.

आता पावसाळा. निपाणीचा पाऊस आणि बेळगावचा पाऊस यात फरक आहे, आम्ही घाटाच्या जवळ. जून ते सप्टेंबर नुसती झड लागते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दाराच्या चौकटी फुगतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला सगळा मार. तुम्ही वॉर्डरोब कुठल्या भिंतीला लावणार आहात? सुतार मोकळी दिसेल ती भिंत सांगतो. ती पश्चिमेची निघाली तर प्लायवूडची पाठ आतल्या आत कुजते आणि तुम्हाला कळतं ते साड्यांना वास मारायला लागल्यावर. तोवर हप्ते चालूच असतात.

त्यापेक्षा यंदा भिंती वाचा. ओल कुठून आली यावर तिचा इलाज ठरतो. खालून, फरशीच्या कडेनं वर चढत असेल तर ती जमिनीतली. तिच्यावर कितीही महाग पेंट मारा, पुढच्या वर्षी पोपडे येणारच. वरच्या कोपऱ्यात डाग पसरत असेल तर गच्ची किंवा कठड्याचा सांधा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातनं तिरकी उतरत असेल तर खिडकीची पट्टी किंवा गिलाव्यातली भेग. डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला का ते दिसतं. दिवाळीनंतर गवंड्याला बोलावलंत की त्या रेघा दाखवायच्या. समोर पुरावा असला की तोही 'सगळी गच्चीच फोडावी लागेल' असं सहज म्हणत नाही. वळीव सुरू व्हायच्या आत गच्चीवरची पाणी जाणारी भोकं मात्र साफ करून घ्या, पाला अडकून गच्चीचं तळं होतं आणि मग गळती लागते. ओलीच्या बाबतीत एवढं एकच काम आत्ता तातडीचं.

वडगाव-येळ्ळूरच्या पट्ट्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढतं हे तुम्हाला घर विकणाऱ्यानं सांगितलं नसेल. शेजारच्या जुन्या माणसाला सरळ विचारा की 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं. ते हात करून दाखवतील. त्या उंचीच्या खाली कागदपत्रं, इन्व्हर्टर आणि धान्याचा डबा ठेवायचा नाही. भारत गृह रक्षा नावाची घराची विमा पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात, तिच्यात आग, वीज पडणं, पूर हे येतं. हप्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. दोन-तीन ठिकाणी विचारा.

कागदांचं थोडक्यात. खरेदीपत्र झालं म्हणजे सगळं झालं असं आपल्याकडं धरतात. खाते, म्हणजे घराची सरकारदरबारची नोंद, तुमच्या नावावर चढलं का बघा: महापालिकेच्या हद्दीत असाल तर ई-आस्तीचा उतारा, ग्रामपंचायतीत असाल तर ई-स्वत्तूचा. खरेदीनंतरची ईसी, म्हणजे घरावरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, काढून तिच्यात तुमचं नाव आलंय का तेही बघा. वीज बिलाचा आरआर नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, आणि पाण्याचं कनेक्शन नावावर करून घ्या. गृहज्योतीसाठी, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत विजेच्या योजनेसाठी, आधीच्या मालकाचा आधार त्या आरआर नंबराला जोडलेला असेल तर तो आधी काढावा लागतो. एका महिन्यात दोनशे युनिटांच्या वर गेलात तर पूर्ण बिल भरायचं, हे गीझर लावताना लक्षात असू द्या. घरपट्टी एप्रिलमध्येच भरली की पाच टक्के सूट मिळते.

आणि मृत्युपत्र करा. हसू नका. आपल्यासारख्या बिनलग्नाच्या बाईचं घर मृत्युपत्र नसेल तर आई-वडिलांकडं जातं, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडं. तुम्हाला ते हवं असेल तर प्रश्नच नाही. धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यायचं मनात असेल तर लिहून ठेवावं लागेल. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही लागते, नोंदणी केली तर चांगलं, सक्तीची नाही.

एकटीनं राहताना चोरापेक्षा मला आजारपणाची काळजी जास्त वाटते, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पुढच्या दाराला आतून कडी लावून झोपू नका, बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच बसवा आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजारणीकडं ठेवा. रात्री चक्कर येऊन पडलात तर दार फोडायची वेळ नको. न्हाणीची कडी तर घरात एकटी असताना मी लावतच नाही. दुसरं, गॅसचा गीझर न्हाणीच्या आत असेल तर या आठवड्यात बाहेर काढा. बंद खोलीत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, माणूस तिथंच बसल्या बसल्या गळून जातो आणि एकट्या माणसाला हाक मारणारं कुणी नसतं. गॅस गळतीसाठी 1906 आणि कशाहीसाठी 112, हे दोन आकडे फ्रिजवर लिहून ठेवा.

शेजाऱ्यांचे प्रश्न येतील. 'घरात कोण कोण?', 'एकटीच?', 'गावाकडं कोण असतंय?' पहिल्या महिन्यात मला त्याचा राग यायचा. पण ज्या काकूंनी सगळ्यात जास्त चौकशी केली, माझी गाडी दोन दिवस हलली नाही म्हणून दार वाजवायलाही त्याच आल्या. सगळं सांगायची गरज नाही, नाव, नोकरी आणि माहेर एवढं सांगितलं की पुरतं. गल्लीतली पोरं गणपतीची वर्गणी मागायला येतील तेव्हा पावती स्वतःच्या नावानं करून घ्या. माझ्या दारात पोरगं पेन काढून 'वडलांचं नाव सांगा मावशी' म्हणालं, मी माझं सांगितलं, त्यानं लिहिलं. दुसऱ्या वर्षीपासून पावती माझ्याच नावानं तयार होऊन येते.

कामाला येणारे 'साहेब कधी असतात?' विचारतात. दारात मोठ्या मापाची चप्पल ठेवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी कधी ठेवली नाही. 'पैसे मी देणार, माझ्याशी बोला' म्हटलं की काम सुरू होतं. मात्र काम रविवारी सकाळी लावते, गल्ली जागी असते तेव्हा, आणि मजुरी काम संपल्यावर.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगते, कारण अवघड वेळ रात्रीची नसते, संध्याकाळी सहा ते आठची असते. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो आणि मग चहा-बिस्किटावर भागतं. त्या वेळेला घराबाहेरचं काहीतरी ठरवून ठेवा. भजनी मंडळ, वाचनालय, नुसती भाजी आणायला चालत जाणं, काहीही. मी गुरुवार-शनिवार शहापूरला आईकडं जाऊन येते, परत येताना डब्यात आमटी असते.

राहिला भाडेकरू. माडीचा जिना बाहेरून असेल तर दिवाळीनंतर बोर्ड लावा, आत्ता नको. ती खोली थेट गच्चीखाली आहे, पहिला मोठा पाऊस झाल्यावर ती गळते का ते कळेल, आणि गळत असेल तर भाडेकरूच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा रिकामी असताना दुरुस्त होते. देताना अकरा महिन्यांचा करार, वेगळा सबमीटर आणि पोलीस स्टेशनला माहिती, हे तिन्ही करा, ओळखीतली मुलगी असली तरी. जिना हॉलमधून असेल तर देऊ नका, भाडं कितीही येऊ दे.