पात्राला मारण्यापूर्वी

तुमच्या व्हिडिओ गेमच्या कथेच्या आराखड्यात नायकाची धाकटी बहीण पहिल्याच प्रकरणात मरते, आणि तोवर खेळणाऱ्याचा तिच्याशी काहीच संबंध आलेला नसतो. हा मृत्यू काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ या गेममध्ये चांगले आणि वाईट दोन्ही नमुने सापडतात. सुरुवातीला एक अनोळखी मुलगा दिसतो, त्याचे यान आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होते, आणि पुढे तो नायकाच्या स्वप्नांत येत राहतो; त्याला नाव नाही, त्याच्याशी आपले नाते नाही, तरीही आपण हळहळावे अशी सक्ती केली जाते. मॉर्डिन हा शास्त्रज्ञ मात्र आधीच्या भागापासून आपला सोबती असतो, क्रोगन या परग्रहवासी वंशाला ग्रासणारा रोग टिकवण्यात त्याचा स्वतःचा हात असतो, आणि त्यावरचा उपाय पसरवण्यासाठी तो कोसळत्या मनोऱ्यात चढतो, तेव्हा ते मरण त्याच्या स्वभावातूनच आलेले असते. (आधीचे काही निर्णय वेगळे असतील तर तो वाचूही शकतो, आणि हे मला फार मोलाचे वाटते.)

नियमांशीही प्रामाणिक राहा. लढाईत औषधाने उठणारा सोबती कटसीनमध्ये, म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती काही नसलेल्या कथादृश्यात, एकाच घावात कायमचा गेला, तर खेळणारा चिडतो. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मधील एरिथ या सोबतिणीच्या मरणावरही हा आक्षेप घेतला जातो, तरी तिचे जाणे झोंबते, कारण जखमा भरून काढणारी तिची शक्ती पुढच्या लढायांत खरोखरच उरत नाही.

तेव्हा बहिणीला आधी काही मोहिमांत सोबत द्या, तिच्यावाचून अडेल असे एखादे काम तिच्याकडे सोपवा, आणि मगच तिचे मरण कथेला हवे आहे का, ते पुन्हा तपासा.