फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर स्वयंपाकघर गार का होत नाही?

ताई, तुमच्या आठवीतल्या मुलाने तक्ता केलाय: पंखा – विजेतून गती, बल्ब – विजेतून प्रकाश, गिझर – विजेतून उष्णता. फ्रिजपाशी अडलाय आणि विचारतोय, मे महिन्यात दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल ना? पोरगं बरोबर विचार करतंय, घोळ त्या 'वीज → एकच गोष्ट' अशा एका बाणाच्या तक्त्यात आहे.

फ्रिज थंडावा तयार करत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, आणि त्या उपशात कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. जुन्या फ्रिजच्या पाठीला उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्यांची काळी जाळी असायची. हल्ली त्या नळ्या बहुतेक वेळा बाजूच्या पत्र्याआड असतात. कॉम्प्रेसर चालू असताना तिथे हात लावायला सांगा, कोमट लागेल. दार उघडं ठेवलं की ज्या खोलीतून उष्णता उचलली तिथेच ती परत, वर विजेची भर. खोली तापणारच.

एसीही हेच करतो, फक्त त्याचा गरम भाग खिडकीबाहेर असतो. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेऊन खोलीतली पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसतो, आणि बाहेर ती अधिक विजेची भर असं दोन्ही फेकतो. ऊर्जा नव्याने तयार होत नाही हा नियम कुठे मोडत नाही, कारण खोलीतली ती उष्णता त्याने बनवली नाही, नुसती हलवली. (टॉवरच्या अरुंद डक्टमध्ये सगळ्यांचे आउटडोअर एकमेकांच्या तोंडावर फुंकत असतात, त्याला काय म्हणावं!)

पंख्याचं 'विजेतून गती' हे चूक नाही, अर्धवट आहे. जुन्या ७५ वॅटच्या पंख्यात बरीच वीज वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापवण्यातच जाते. उरलेली हवा हलवते, ती हवा घासत घासत थांबते, म्हणजे पुन्हा उष्णता. बंद खोलीत कोणी नसताना फिरणारा पंखा खोली किंचित गरमच करतो. आपल्याला गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून, आणि मुंबईच्या दमट हवेत तोही पटकन सुकत नाही. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा) पंखा जवळपास तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. पिवळ्या बल्बचं तर विचारूच नका, १०० वॅटमधले जेमतेम पाचेक वॅट उजेडाचे.

बाण उलटा फिरलेला दाखवायचा असेल तर लोकल घ्या. जुन्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या) गाड्यांत ब्रेक लावला की गाडीची सगळी गती ब्रेक ब्लॉक तापवण्यात वाया जायची. आताच्या गाड्यांत दादर आलं की मोटरच जनरेटर होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते, ती मागून येणारी लोकल वापरते. परतीचा बाण असलेलं याहून चांगलं उदाहरण त्याला शहरात मिळणार नाही.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवा: 'शेवटी कुठे गेली'. शिवाय मोजून दाखवता येईल. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद, नुसता दोन किलोवॅटचा गिझर चालू केला, तर मिनिटाला साधारण १०७ वेळा. फक्त जुना पंखा असेल तर चार वेळा. मीटर तळमजल्यावर असतील तर एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वरून फोनवर सांगायचं. गिझरच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून मग सावकाश मोजा, नाहीतर गणती चुकते.