ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला याचा आयरिश लोकांना आनंद झाला का?

प्रश्नात पुढे असंही विचारलंय: 'शेकडो वर्षं राज्य करणाऱ्यांची जिरली म्हणून आयरिश लोक मनातून खूशच असतील ना? मी नोकरीसाठी डब्लिनला जातोय, तिथे या विषयावर बोललेलं चालतं का?'

नाही, खूश नाहीत. लंडनच्या हॅरो भागात राहणारा माझा मावसभाऊ २०१६ पासून हेच 'आयरिश लोकांना मजा वाटतेय' ऐकवतो आहे. मी डब्लिनमध्ये आयात-निर्यातीच्या कागदांचं काम करतो, म्हणून मला ते जास्त लागतं. शेजाऱ्याच्या निर्णयाचं बिल इथे रोज भरलं जातं. ते कसं, हे किराण्याच्या एका ट्रेलरवरून सांगतो, कारण तो किराणा तुम्हीही विकत घेणार आहात.

डब्लिनमधल्या भारतीय दुकानांचा बराच माल इंग्लंडमधल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून यायचा. फोनवर ऑर्डर, वेल्समधल्या होलीहेड बंदरातून फेरी, सव्वातीन तासांचा समुद्र, की माल दुकानात. कागद म्हणजे एक बिल. १ जानेवारी २०२१ पासून तोच ट्रेलर युरोपीय संघाबाहेरच्या देशातून आलेला ठरला. त्यात २६ पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) बसतात आणि किराण्याच्या मिश्र लोडमध्ये जिनसा पुष्कळ. प्रत्येक जिनसेचा दहा आकडी कोड, वजन, किंमत आणि मूळ देश लिहायचा. आधी ब्रिटनच्या बाजूचं निर्यात डिक्लेरेशन, मग आयरिश महसूल खात्याकडे आयात डिक्लेरेशन, शिवाय वाहतूकदाराने द्यायची सुरक्षेची पूर्वसूचना. हे सगळे क्रमांक एकत्र जोडून बोटीसाठी एक नोंद करावी लागते. ती नसेल तर ट्रेलर होलीहेडलाच राहतो. बोट डब्लिनला लागायच्या अर्धा तास आधी ड्रायव्हरला कळतं, की थेट बाहेर पडायचं की तपासणीच्या आवारात जायचं.

अडतं ते बहुतेक वेळा दुधाच्या पदार्थांवर. ब्रिटनमध्ये बनलेल्या पनीर-तुपाला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि माल पोहोचण्याच्या २४ तास आधी युरोपीय प्रणालीत नोंद लागते. पनीरचे चार खोके या कागदाविना चढवले, तर बाकीची २५ पॅलेटं त्यांच्यासोबत उभी राहतात. म्हणून आता जाणते व्यापारी दुधाचा माल मिश्र लोडमध्ये घालतच नाहीत. तो वेगळा मागवतात किंवा आयर्लंडमध्ये बनलेला घेतात.

दुसरा घोटाळा मूळ देशाचा. 'ब्रिटन आणि युरोपचा व्यापार करार झालाय, शुल्क शून्य' असं वर्तमानपत्रात वाचून अनेकांनी ऑर्डरी दिल्या. शुल्क शून्य आहे ते ब्रिटिश किंवा युरोपीय मूळ सिद्ध होणाऱ्या मालाला. भारतातूनच पांढरा होऊन, पिशवीत भरून आलेला तांदूळ इंग्लंडच्या गोदामात महिनाभर पडून राहिला म्हणून ब्रिटिश होत नाही. तिथे एकदा शुल्क भरलेलं असतं, डब्लिनला पुन्हा भरायचं, आणि पांढऱ्या तांदळावर ते टनाला शंभर युरोंच्या वर जातं. बहुतेक डाळींवर शुल्कच नाही, त्यामुळे डाळ सुटते. गंमत म्हणजे युरोपीय मालही यात सापडतो: जर्मनीत बनून ब्रिटनच्या गोदामात गेलेली मिठाई डब्लिनला येताना पुन्हा शुल्काला पात्र ठरते. उपाय दोन आहेत. माल ब्रिटनमध्ये शुल्क न भरता बाँडेड गोदामात ठेवायचा, टी-१ कागदावर (शुल्क न भरलेला माल नेण्याचा कागद) हमी देऊन डब्लिनला आणायचा आणि शुल्क इथेच एकदा भरायचं. नाहीतर इंग्लंड वगळून कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरामार्गे थेट डब्लिनला आणायचा. दुसरा मार्ग लांबचा, पण अडवणूक कमी. आयर्लंडने देश म्हणूनही तेच केलं. युरोपात जाणारे ट्रक पूर्वी इंग्लंडमधून रस्त्याने जायचे. २ जानेवारी २०२१ ला आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून फ्रान्समधल्या डंकर्कला थेट फेरी सुरू झाली, साधारण २४ तासांची, आणि तिच्यासारख्या थेट फेऱ्या कितीतरी वाढल्या.

हा झाला पैशांचा भाग. त्याची झळ तर बाहेर पडण्याच्या कितीतरी आधीच लागली. संघात राहायचं की बाहेर पडायचं, या ब्रिटिश जनमताच्या दिवशी, २३ जून २०१६ ला, एका पौंडाला सुमारे १.३० युरो मिळायचे, ऑक्टोबरपर्यंत तेच १.११ च्या आसपास आले. आयरिश मशरूम बहुतांश ब्रिटनच्या सुपरमार्केटांत जातात, पौंडात आधीच ठरलेल्या भावाने आणि अगदी थोड्या नफ्यावर. काही महिन्यांतच अनेक मशरूम फार्म बंद पडले. त्या शेतकऱ्यांना इंग्रजांच्या फजितीचा आनंद कुठून होणार?

पैशांपेक्षा खोल जखम सीमेची आहे. उत्तर आयर्लंड (तो ब्रिटनकडे आहे) आणि दक्षिणेतलं आयरिश प्रजासत्ताक यांच्यामधली सीमा जवळजवळ ५०० किलोमीटरची, तिच्यावर रस्ते दोनशेहून जास्त. काही शेतं दोन्हीकडे आहेत. उत्तरेतलं साधारण एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत येतं. १९७२ मध्ये सीमेजवळच्या न्यूरीच्या कस्टम्स कार्यालयात बॉम्ब फुटून नऊ जण मेले होते. उत्तरेत आयर्लंडशी एक होऊ म्हणणारे आणि ब्रिटनसोबत राहू म्हणणारे यांच्यातल्या तीन दशकांच्या हिंसेत सुमारे साडेतीन हजार माणसं गेली. कस्टम्सच्या चौक्या १९९३ ला युरोपच्या सामाईक बाजारामुळे गेल्या आणि १९९८ च्या शांतता करारानंतर लष्करी चौक्याही उठल्या. त्या करारासाठी दक्षिणेतल्या ९४ टक्के मतदारांनी उत्तरेवरचा आपला घटनात्मक दावा सोडायला संमती दिली. आणि २०१६ च्या ब्रिटिश प्रचारात या सीमेचा विचार जवळपास नव्हताच. उत्तर आयर्लंडने तर ५५.८ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. आयरिश माणसाला दुखतं ते हे, की आम्ही इतकं सोडलं आणि तुम्हाला आम्ही आठवलोही नाही.

राग आहे तो लंडनच्या राजकारण्यांवर. साध्या इंग्रज माणसावर नाही. घराघरात कुणीतरी लिव्हरपूलला किंवा मँचेस्टरला गेलेलं आहे, शनिवारी सगळे इंग्लंडचाच फुटबॉल बघतात. २०११ मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला आल्या, स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्मारकासमोर त्यांनी मान झुकवली, तेव्हा संबंध इतके चांगले कधीच नव्हते असं लोक मनापासून म्हणत होते. ते पाच वर्षांत विस्कटलं याचं दुःख मी ऐकलंय.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्याबद्दलही बोलायलाच हवं. वडील मालवणजवळच्या वराडचे म्हणून आपल्याकडे त्यांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. पण 'आपल्या माणसाने इंग्रजांना झुकवलं' हे वाक्य चूक आहे. सीमेवर चौक्या नकोत ही भूमिका त्यांच्या आधीचे पंतप्रधान एंडा केनी यांच्या काळातच ठरली होती आणि विरोधी पक्षाचाही तिला पाठिंबा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वराडकर आणि तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन इंग्लंडमधल्या विरल (Wirral) नावाच्या भागात भेटले, तिथे तोडग्याची वाट निघाली: तपासणी जमिनीवर न करता ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या बंदरांत करायची.

इथेच एक गोष्ट जोडतो, ती मी वर सांगायला हवी होती. मी बोलतोय ते दक्षिणेबद्दल. उत्तरेतल्या ब्रिटननिष्ठ लोकांना ही समुद्रातली सीमा म्हणजे आपल्याच देशापासून तोडणं वाटतं. त्यांच्या डीयूपी या पक्षाने त्यासाठी फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तिथलं सरकार चालू दिलं नाही. त्यांचं दुःखही खरंच आहे. आणि आयरिश लोक ब्रसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाचे, भक्त आहेत असंही समजू नका. २००१ आणि २००८ मध्ये त्यांनी युरोपीय करार जनमतात फेटाळले होते, दोन्ही वेळा नंतर फेरमतदानात मंजूर केले. २०१० मध्ये युरोपकडून घेतलेल्या कर्जाच्या अटी अजून लोकांच्या लक्षात आहेत. २९ जानेवारी २०२१ ला कोविडच्या लशींच्या वादात युरोपीय आयोगाने डब्लिनला न विचारता उत्तरेच्या सीमेवर निर्बंधांचं पाऊल उचललं, तेव्हा इथे इतका संताप झाला की काही तासांत ते मागे घ्यावं लागलं.

तुमच्यासाठी कामाचं: विषय जरूर काढा, पण आयर्लंडला ब्रिटनचा भाग समजून बोलू नका. ब्रिटनमधून पार्सल मागवलं तर व्हॅट धरा, बहुतेक वस्तूंवर २३ टक्के, आणि वस्तू ब्रिटिश मूळची नसेल तर शुल्कही लागू शकतं. भारतीय पासपोर्टवर बेलफास्टला जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो, आयरिश रहिवासी कार्ड पुरत नाही. रेल्वेत कुणी तपासलं नाही म्हणून व्हिसा लागत नाही, हा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. बसमध्ये मधूनच तपासणी होते आणि सापडलात तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर परिणाम होतो.

मावसभावाने त्या जनमतात बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांनाही मत होतं. त्याचा दुसरा मुद्दा असा, की आज ना उद्या आयर्लंडही ब्रिटनच्या मागे बाहेर पडेल. १९७३ मध्ये दोघे एकाच दिवशी आत आले तेव्हा निम्म्याहून जास्त आयरिश निर्यात ब्रिटनला जायची. तेव्हा हा तर्क बरोबर ठरला असता. आता वस्तूंच्या निर्यातीत तो वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि बाहेर पडण्याची मागणी घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षाला २०२० आणि २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकांत एकही जागा मिळाली नाही.