गाणं तयार आहे, पण बातमी कशाची?

स्वतःच्या खर्चाने गाणी करणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यांतल्या चार पत्रांची ही उत्तरं.

प्रश्न: माझ्या ८१ वर्षांच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या तीन ओव्या घेऊन, संबळ आणि गिटारच्या साथीने आम्ही गाणं केलं. ज्या दिवशी ते यूट्यूबवर टाकलं त्याच सकाळी २२ वर्तमानपत्रांना प्रेसनोट पाठवली. एकानेही छापली नाही. नोट सोबत जोडली आहे. काय चुकलं? (दोन मित्र, बार्शी)

नोटेचं पहिलं वाक्य असं आहे: ‘आपल्या सुमधुर आवाजाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणाऱ्या युवा कलाकारांचे बहुप्रतीक्षित गीत रसिकांच्या भेटीस येत आहे.’ यात दुसऱ्या कोणाचीही नावं घातली तरी वाक्य तसंच चालेल. उपसंपादकाकडे अशा नोटा रोज येतात आणि पहिल्या ओळीनंतर तो पुढे वाचत नाही. तुमची आजी कुठे आहे? पाचव्या परिच्छेदात, आभारांच्या यादीनंतर. तिथवर कोणी पोचलंच नाही.

सुरुवात अशी करा: ‘बार्शीच्या ८१ वर्षांच्या आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या तीन ओव्या त्यांच्या नातवाने संबळ आणि गिटारच्या साथीने गाण्यात बांधल्या आहेत. आजींचा मूळ आवाज असलेलं हे गाणं येत्या शुक्रवारी यूट्यूबवर येत आहे.’ कोण, काय, कुठे, कधी हे सगळं दोन वाक्यांत आलं. पुढे ओव्या कुठे आणि कशा ध्वनिमुद्रित केल्या ते चार ओळींत लिहा. एक अवतरण घाला, आणि ते तुमचं नको, आजींचं घाला. त्या जशा बोलतात तसंच. प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. सगळी नोट २५० शब्दांत बसली पाहिजे. शेवटी एक मोबाइल क्रमांक द्या, जो उचलला जाईल असा.

दुसरी चूक फाइलची. तुम्ही नोट जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केली आहे. तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफनेही काम भागत नाही: त्यातून मराठी मजकूर कॉपी केला की बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात, आणि सगळी नोट कोणाला तरी पुन्हा टाइप करावी लागते. संध्याकाळी पान लावण्याच्या घाईत ते कोणी करणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये, थेट ईमेलच्या मुख्य भागात टाका.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की आकसतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे सहा इंच रुंद फोटोसाठी १,८०० पिक्सेल रुंदी हवी. मूळ फाइल ईमेलला जोडा किंवा गूगल ड्राइव्हची लिंक द्या, आणि लिंक सगळ्यांना उघडते ना ते दुसऱ्या फोनवरून पाहून घ्या. एक आडवा आणि एक उभा फोटो पुरे. खाली फोटोतल्यांची नावं डावीकडून क्रमाने आणि छायाचित्रकाराचं नाव लिहा. गाण्याचं पोस्टर फोटो म्हणून पाठवू नका. त्यावरच्या अक्षरांमुळे ते पानात लावता येत नाही.

वेळेचं गणितही चुकलं. ज्या सकाळी गाणं आलं तेव्हा त्या दिवसाचं पान रात्रीच छापून झालं होतं. रोजच्या अंकासाठी चार दिवस आधी आणि पुरवणीसाठी किमान तीन आठवडे आधी पाठवा. ‘लोकरंग’ किंवा ‘सप्तरंग’सारख्या रविवार पुरवणीला तर प्रेसनोट नकोच असते. तिथे ओव्यांवरच्या ७०० शब्दांच्या लेखाचा प्रस्ताव पाचसहा ओळींत मांडा. आणि २२ ठिकाणी एकच ईमेल, सगळ्यांचे पत्ते उघडे, असं करू नका. सोलापूर आवृत्तीचा बातमीदार तुमच्यासाठी मुंबईच्या संपादकापेक्षा जवळचा आहे. पाचसहा माणसं नावानिशी निवडा, दोन दिवसांनी दुपारी एकदाच फोन करा. संध्याकाळी सहानंतर फोन करूच नका.

गाणं आता येऊन गेलं आहे, पण बातमी अजून हातात आहे. जात्यावर बसलेल्या आजी, त्यांच्या तोंडची एक ओवी, खाली तिचे शब्द आणि अवघड शब्दांचे अर्थ, असा ६० सेकंदांचा उभा व्हिडिओ करा आणि त्याच्या निमित्ताने नवी नोट पाठवा. मात्र आजींची लेखी संमती घ्या आणि श्रेयात त्यांचं पूर्ण नाव द्या. नुसतं ‘पारंपरिक’ लिहून त्यांना वगळणं आम्हाला मुळीच पटत नाही. ओव्या परंपरेच्या असतील, पण आवाज त्यांचा आहे, आणि कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचाही हक्क आहे.

प्रश्न: ५,००० रुपयांत स्पॉटिफायवर एक लाख स्ट्रीमची (म्हणजे गाणं तेवढ्या वेळा ऐकलं जाण्याची) हमी मिळते आहे. घ्यावी का? (गायिका, कोल्हापूर)

नाही. हमीचे आकडे बहुतेक यंत्रांकडून येतात. ते पकडले गेले की स्पॉटिफाय मोजणीतून काढून टाकतं, वितरकाला (तुमचं गाणं अशा सेवांवर चढवणाऱ्या कंपनीला) दंड लावतं, आणि काही वितरक तो कलाकाराकडून वसूल करतात किंवा गाणंच उतरवतात. कोणी परस्पर तुमचं गाणं यंत्रांकडून वाजवल्या जाणाऱ्या प्लेलिस्टमध्ये टाकलं असेल तर तेही ओळखता येतं: ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सुविधेत श्रोत्यांची शहरं पाहा. तुम्हाला कोणी ओळखत नाही अशा परदेशी शहरातून एका रात्रीत हजारो श्रोते आणि गाणं जतन करणारे दोनच, असं दिसलं तर लगेच वितरकाला लेखी कळवा.

सरळ मार्ग फुकट आहे. गाणं वितरकाकडे चार आठवडे आधी द्या. ते ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये दिसू लागलं की तिथूनच स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांना सुचवा. एका वेळी एकच गाणं, आणि मजकुराला ५०० अक्षरांची मर्यादा. प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. प्लेलिस्टमध्ये निवड होईलच असं नाही, पण प्रकाशित झालेलं गाणं सुचवताच येत नाही. म्हणून तारीख घाईने जाहीर करू नका. २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचं मानधन सुरू होत नाही. त्यासाठी लाखाची गरज नाही, शे-दोनशे खरे, पुन्हा पुन्हा ऐकणारे लोक हवेत.

प्रश्न: माझी गाणी दोन वेगवेगळ्या प्रोफाइलवर का दिसतात? (दीपक, अकोला)

नावाच्या रोमन स्पेलिंगमुळे. एका गाण्याला ‘दीपक’मध्ये दोन ‘ई’, दुसऱ्याला एक ‘आय’. मशीनच्या लेखी ही दोन माणसं झाली. एक स्पेलिंग ठरवा, वितरकाला कळवून प्रोफाइल एकत्र करून घ्या, आणि तेच स्पेलिंग पोस्टर, यूट्यूब, प्रेसनोट सगळीकडे ठेवा. पुढच्या गाण्याचा फॉर्म भरताना ‘नवा कलाकार’ न निवडता जुन्या प्रोफाइलची लिंक द्या.

प्रश्न: एका पोर्टलने मुलाखतीसाठी पैसे मागितले. द्यायचे असतात का? (बँड, नाशिक)

पैसे देऊन आलेली मुलाखत ही जाहिरात असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असायला हवं. रील करणाऱ्यांनाही पैसे घेतले तर ते जाहीर करण्याचं बंधन जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी घातलं आहे. ‘जाहिरात असं लिहाल का?’ एवढंच विचारा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

त्या पैशांत चांगले फोटो काढून घ्या. आणि सामुदायिक रेडिओ विसरू नका: पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे, म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. अशा केंद्रांना यूट्यूबची लिंक पाठवू नका. डब्ल्यूएव्ही फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली) द्या, फाइलच्या नावात बँडचं आणि गाण्याचं नाव असू द्या; ‘फायनल २ नवीन’ अशा नावाची फाइल त्यांच्या संगणकात पुन्हा सापडत नाही. सोबत वाजवण्याची लेखी परवानगी आणि निवेदकाला जसंच्या तसं वाचता येईल असं चार ओळींचं निवेदन जोडा. गाण्याची सुरुवातीची नुसती वाद्यांची धून किती सेकंदांची आहे तेही लिहा, म्हणजे निवेदकाला तेवढ्यात बोलणं आटोपता येतं.